बारा शनिवार-रविवार

कारधा, रविवार

प्रिय रिता वहिनी,

दादा आत आईजवळ जेवायला बसलाय, तेवढ्यात हे लिहिते आहे. फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू "बरं बरं, तू जा बिनघोर, मी येऊन राहिली ना" म्हणून फोन ठेवून देतेस. म्हणून हा कागद. गुरुवारी तू तीन महिन्यांसाठी बॅग घेऊन इकडे निघणार आहेस, त्याआधी हे वाच. आई बरी आहे. खुब्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले, आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते आणि तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, "आमच्या तृप्तीले कंपनी विदेशात पाठवून राहिली." परवा शेजारच्या चंद्रकलाकाकूंनी माझ्याकडे पेढे मागितले. मी आणून वाटलेसुद्धा. माझ्या हातातला पेढा मात्र मी परत डब्यात ठेवला.

मी जाणार होते ते दा नांग म्हणजे व्हिएतनाममधलं समुद्रकाठचं शहर. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे आपलं साडेदहाचं ऑफिस तिथे दुपारी बाराला सुरू होणार. सकाळ सगळी मोकळी. नव्वद दिवसांचा व्हिसा, बारा शनिवार-रविवार. एक शनिवार होई आनच्या कंदिलांच्या गल्ल्यांना, एक ह्यूच्या राजवाड्याला, एक संगमरवरी डोंगरांना. कुठल्या खोलीत वायफाय चांगलं, कपडे कुठे धुवायचे, किती ड्रेस न्यायचे, सगळं मी लॅपटॉपवर मांडून ठेवलं होतं. तीन वर्षं मी या घरातल्या मधल्या खोलीत बसून नोकरी करते आहे. कुकर, मीटिंग, आईच्या गोळ्या, पुन्हा मीटिंग. वाटायचं, हेच काम समुद्राकडे बघत केलं तर कुणाचं काय जातं? आता ती यादी उघडली की मान खाली जाते. बारा सुट्ट्यांचा तास न् तास लिहिलाय, आणि आईच्या नव्वद दिवसांसाठी दोनच शब्द आहेत: "आई – वहिनी".

तुला बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला तेव्हा किती चिडली होतीस! "काहून माह्या मागे लागून राहिली व माय, पोराचा अभ्यास घेऊ का माहा?" तरी चुलीपुढे पुस्तक धरून बारावी झालीस. अंगणवाडी सेविकेचा अर्जही मीच भरला. तुझा फोटो अपलोड होईना म्हणून दादाला तीनदा फोटोवाल्याकडे पिटाळलं होतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी निवड झाल्याचा तुझा फोन आला, तेव्हा तू रडतेस की हसतेस तेच मला कळेना. बाईच्या हाती स्वतःची नोकरी पाहिजे, हे भाषण मी तुला दहा वेळा दिलं असेल. तोंडाची मी पहिल्यापासूनच मोठी. आणि आठच दिवसांनी मीच तुला सांगितलं, की आईपाशी येऊन राहा. तू एवढंच विचारलंस, "कंपनीले नाही म्हणता येत नाही काय?" मी म्हटलं, नोकरी जाईल. तू म्हणालीस, "मंग जा. तुह्यी नोकरी मोठी आहे."

वहिनी, कंपनी मला कुठेही पाठवत नाही. मीच परवानगी मागितली, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा साहेबांनी विचारलं, आईचं नुकतंच ऑपरेशन झालंय ना, घरी कोण बघेल? मी पटकन म्हटलं, वहिनी आहे ना. तोपर्यंत तुला मी एका शब्दानेही विचारलं नव्हतं. फिरायला चालले असं सांगितलं असतं तर आईने, दादाने मला उभं केलं नसतं. कंपनीचं नाव घेतलं की घरात कुणी तोंड उघडत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. सासूचं सुनेनेच करायचं, असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. मी काही न म्हणता तेच करून घेतलं. लाज वाटते गं, फार वाटते.

आज दादा आला तो खिशात तुझा अर्ज घेऊन. उद्या तुमसरच्या ऑफिसात द्यायचा आहे, जरा शुद्ध लिहिलंय का बघ, असं मला म्हणाला. तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं वाचलं मी: "माझी नणंद परदेशी न गेल्यास तिची नोकरी जाणार आहे, म्हणून मी सेविका पदावर रुजू होऊ शकत नाही." मला पुढचं दिसेना. माझं खोटं तू सरकारी कागदावर खरं म्हणून लिहिलंस, खाली सही केलीस! तो अर्ज मी ठेवून घेतलाय आणि दादाच्या खिशात हे पत्र देते आहे. मी जात नाही. दादा निघाला की आईलाही सगळं सांगते, मग ती वॉकर फेकून मारो. मला अजूनही जायचं आहे, तेही तुझ्यापासून लपवत नाही, पण ते आई चालायला लागल्यावर आणि फिरायला जाते असं सांगून. उद्या रुजू व्हायचा शेवटचा दिवस आहे, वहिनी. सकाळी पहिल्या बसने तुमसरला जा आणि रुजू हो. मला काय बोलायचं ते संध्याकाळी फोन करून बोल, मी ऐकून घेईन, पण आधी तिथल्या रजिस्टरवर सही कर.

तुझीच, तुला तोंड दाखवायला लाजणारी नणंद,
तृप्ती