खोब्रागडीच्या काठावरचे बिशप

२ सप्टेंबर २०२४, सोमवार
बिशपसाहेब महिनाअखेर निवृत्त. गौरविका निघणार. चरित्र लिहायचं माझ्याकडे — कारण "तुझं अक्षर चांगलं आहे." टाईप करायचंय, तरी अक्षर!
समितीच्या बापूरावभाऊंनी जुन्या तीन स्मरणिका दिल्या. १९९४चा प्रसंग तिन्हीत. खोब्रागडीला पूर, पलीकडे आमच्या गावात दृढीकरणासाठी — बिशपांनी डोक्यावर हात ठेवून विश्वासात पक्कं करायचा विधी — अकरा जण थांबलेले. पहिलीत बिशप डोंग्यातून आले. दुसरीत डोंगा उलटला. तिसरीत पोहत आले — झग्यासकट! चौथीत पाण्यावरून चालवायचं का?

४ सप्टेंबर
बापूरावभाऊ : "एखादी मगर टाक न. लोकायले मजा येते."
नाही म्हटलं. मग तासभर काळजी — मोठ्या माणसाला तोडून बोलले का?

६ सप्टेंबर
आई त्या अकरांतली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "कोणी पोहलं नाई वो. बिशप तिकडच्या काठावर उभे. तिथूनच प्रार्थना ओरडून म्हटली. डोक्यावर हात ठेवले तुझ्या आजोबानं."
आजोबा! साधे उपदेशक. दृढीकरणाला बिशपांचाच हात लागतो, पाळकांचाही चालत नाही. म्हणजे आईचं झालंच नाही? आणि त्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस घेता येत नाही; ती तीस वर्षं घेतेय! वर चर्चच्या नोंदवहीत अकरा नावांखाली बिशपांची ठसठशीत सही.
"काऊन एवढा घोर करतं? बाबाचा हात होता."
शाळेत जायच्या आधी आजोबांनीच मला घरी लिहायला शिकवलं. पाटीवर चूक दिसली की बोट ठेवायचे — आपली आपण पूस. ते जाऊन सहा वर्षं झाली. ही चूक कोणी पुसायची?

७ सप्टेंबर
माझं स्वतःचं दृढीकरण बाकी आहे, हे इथेच लिहिते. तयारी तीनदा झाली. तीनदा वाटलं, मी लायक नाही. तीनदा ताप आला. थर्मामीटर दर वेळी अठ्ठ्याण्णवच! आणि हसते कोणाला, तर बिशपांना.

११ सप्टेंबर
मजकूर दोन प्रकारे लिहिला. पोहून. न पोहता. न पोहता पाठवला.
बापूरावभाऊ : "गौरविका हाये का पंचनामा?"
जेवण गेलं नाही.

१६ सप्टेंबर
बिशपसाहेबांकडून मजकूर परत. वाटलं, फाडला असेल. "काठावर उभे राहिले" याच्यापुढे थरथरत्या अक्षरात — "भ्यालो होतो. पोहता येत नाही. तिन्ही वेळा खोडून पाठवलं, समितीनं परत घातलं. नोंदवहीतली सही मात्र माझी, ती चूकही माझी. रविवारी येतो. राहिलेत त्यांचं रीतसर करू. आता पूल आहे."
दोन आठवडे उगाच दात काढले मी!

२१ सप्टेंबर, शनिवार
अकरांतले सहा हयात. आईनं साफ सांगितलं, "एकदा झालं. परत केलं त बाबाचा हात खोटा ठरन." बाकी पाचही तिच्याच बाजूचे.
म्हणजे उद्या बिशप पूल ओलांडून येणार आणि समोर गुडघे टेकायला कोणीच नाही. बापूरावभाऊ हे कसं सजवतील, पाहायचंय!
मला झोप नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
आज ताप खरा. एकशे एक.
गेले. एकटीनंच गुडघे टेकले. बिशपांनी डोक्यावर हात ठेवला आणि दचकले — "ताप आहे पोरी तुला!"
हात मात्र काढला नाही.