ओटीच्या नारळाचं झाड

नाशिक,
१६ नोव्हेंबर

ती. आईंना,
सईचा सा. न.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. थेंब वेळेवर घालताय ना? इकडे पहाटे चांगलाच गारठा पडतो. मी ठीक आहे. फोन केला असता, पण तो शेखर उचलतो, आणि घटस्फोटानंतर आम्हा दोघांना 'हॅलो'च्या पुढे काही सुचत नाही. म्हणून पत्र.

काम जोरात आहे. नारळाची झाडं बघायला सगळी सारखीच, पण प्रत्येकाच्या डीएनएत काही खुणा वेगळ्या असतात. त्या सापडल्या की कुठलं झाड कुणाच्या नात्यातलं ते सांगता येतं. नाशिक-सिन्नरकडची अंगणातली झाडं मी मुद्दाम घेतली. ती रोपवाटिकेतली नाहीत. कुणाच्या कलशावरच्या, कुणाच्या ओटीतल्या नारळाला कोंब फुटला आणि फोडवेना, म्हणून लावलेली. प्रयोगशाळेत थट्टा होते, "सासरी नारळ मिळाला आणि बाई त्यावरच संशोधन करतेय!" मीही हसते. मग खोलीवर येऊन एकटीपुरता भात लावते, तोही उरतो.

तुमच्या अंगणातलं झाड माझ्या ओटीतलं. त्याचं पान न्यायला मीच यायला हवं होतं. पण तुमची पायरी चढायचा धीर झाला नाही, म्हणून भिकनला पाठवलं. आमच्याकडे पानं गोळा करायला तो नुकताच लागलाय. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि म्हणालात, "तिला म्हणावं, झाडाची आठवण झाली, माझी नाही झाली का?" निरोप त्याने जसाच्या तसा पोचवला.

मी त्याला सांगितलं होतं, "कोवळं पान आण, जितकं पांढरं तितकं चांगलं." शेंड्यातल्या न उलगडलेल्या पानाच्या सुरळीचं नुसतं टोक पुरतं. कुठे थांबायचं ते मात्र सांगायचं राहिलं.

"म्याडम, लय पांढरं आणलंय बघा. पार आतून काढलं," असं म्हणत त्याने पुडी उघडली. आत गाभा होता, आई.

नारळाला फांद्या नसतात. वाढणारा कोंब एकच, तो शेंड्यात. तो कापला की दुसरा फुटत नाही. झाड मरणार. भिकनवर रागावू नका, त्याने माझंच ऐकलं.

नमुना उत्तम निघाला. इतका स्वच्छ डीएनए आजवर मिळाला नव्हता. मला तो बघवेना.

झाड अजून काही महिने हिरवंच दिसेल. पुढे वाळलं की भुंगा लागला असं तुम्हाला वाटलं असतं. मी गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं; काही दिवस राहिलेही. पण भिकन सांगत होता, तुम्ही अजून भांड्यांचं पाणी बादलीने त्याच्या बुंध्याशी नेऊन ओतता. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले.

ते झाड होतं तोवर तुमच्या घरी माझं काहीतरी आहे असं वाटायचं. आता यायला निमित्तही उरलं नाही. तरी रविवारी येते आहे. काय बोलायचं ते समोर बसवून बोला, पण दारातून परत पाठवू नका. मला फार एकटं वाटतं.

तोवर त्याला पाणी घालू नका, आई.

सून लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसतीच
तुमची,
सई