पाहुण्यासमोर मराठीत बोललेलं

मेलकावेरी, कुंभकोणम्
शुक्रवार, सकाळची दुसरी कॉफी झाल्यावर

तीर्थस्वरूप वरलक्ष्मी अक्काच्या पायांवर धाकट्या हयग्रीवाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग पत्रातच बरा. प्रत्यक्षात मला आता खाली जाता येतं, वर येता येत नाही.) तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि कोइमतूरचा तुझा तो नवा वैद्य, तिघं कसे आहेत ते कळव. आम्ही उभयता ठीक. अंबुजेची साखर तिच्या ताब्यात आहे आणि मी अंबुजेच्या. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते चाळिसाव्या वाक्यात आहे. या घरात असा आठवडा माझ्या हयातीत झालेला नाही.

तर आमचा चिरंजीव गिरिधर पुण्याहून चार दिवसांसाठी आला, आणि बरोबर मित्राला घेऊन आला. मित्राचं नाव बराका. टांझानियाचा. अठराव्या वर्षी औषधशास्त्र शिकायला पुण्यात आला, आता तिथंच पी.एचडी. करतोय. उंची अशी की पहिल्याच दिवशी आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीनं त्याला दोनदा नमस्कार करायला लावला. रंगानं काळा. (हा शब्द लिहिताना माझी लेखणी अडखळली. आपल्यात कोणी काळा नसतोच ना. आपला विष्णुवर्धन 'जरा सावळा', तू 'उजळ सावळी', आणि माझ्या लग्नाच्या वेळी आपल्या अप्पांनी माझ्याबद्दल 'गव्हाळ' असं स्वहस्ते लिहून दिलं होतं. अंबुजा ते अजून काढते.)

आता आपली सवय तुला ठाऊकच आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, आणि पाहुणा आला की मराठी आणखी मोठ्यानं. पूर्वज इकडे आल्यापासून तीनशे वर्षं आपण पाहुण्याच्या तोंडावर हसत हसत भात पुरेल का, हा उठणार कधी, याची बायको कुठं गेली, हे सगळं त्याच्यासमोरच बोलत आलो. कोणाला काय कळतंय. या गावात आपली मराठी म्हणजे दार लावल्यासारखीच. तेव्हा मी बराकाचं इंग्रजीत भरघोस स्वागत केलं, त्याला झोपाळ्यावर बसवलं, आणि लगेच मराठीत सुरू झालो. याच्या केसांत तेल मुरतं काय? हे लोक देव मानतात काय? याच्या घराच्या मागं सिंह येतो काय? पगार किती, बापाची जमीन किती? अंबुजेनं विचारलं, निजायला नवी चादर देऊ की जुनी? मी म्हणालो, जुनीच दे, रंग लागला तर. (अक्का, हे मी खरंच म्हणालो. सत्तरीला टेकलेला माणूस, बी.ए. झालेला, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला. खोडावं असं फार वाटलं, पण खोडत नाही.)

गिरिधर मध्ये मध्ये "अप्पा, ह्याला" म्हणून तोंड उघडत होता. मी प्रत्येक वेळी सांगितलं, वडील माणसं बोलताना मध्ये बोलूं नको. तो गप्प बसे, आणि तो पाहुणाही अदबीनं मान खाली घालून बसे. मला वाटलं, काय गुणी मुलगा. कॉफी तर अशी प्यायला की बघत राहावं. पेला उंच धरून, ओठ न लावता, एक थेंब शर्टावर नाही. आपला गिरिधर पुण्यात राहून पेल्याला तोंड लावायला शिकलाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरिधर न्हाव्याकडे गेला होता. बराका अंबुजेजवळ बसून वालाच्या शेंगा सोलत होता, आणि मी पेपर वाचत होतो. (वाचत नव्हतो. समोर धरला होता.) अंबुजा शेंगांवरची नजर न काढता मला म्हणाली, "मित्र म्हणतोय गिरि. मित्राकडे असं कोणी बघतंय काय? ह्याला जेवताना ठसका लागला की आपला गिरि पाणी घेऊन उभा ऱ्हातो. चाळीस वर्षांत माझ्या ठसक्याला तुम्हीं कधी पेपर खालीं ठेवलांत काय?" मी म्हणालो, त्याचा पेपराशी काय संबंध. ती म्हणाली, मला सरळ सांगा, हे दोघे नवराबायकोसारखे राहतात की काय, आणि तसं असेल तर ह्यांच्यात सून कोण म्हणायची?

अक्का, त्या मुलानं शेवटची शेंग सोलली, सालं गोळा केली आणि आपल्यापेक्षा स्वच्छ मराठीत म्हणाला, "काकू, शेंगा झाल्या. या प्रश्नाचं उत्तर गिरिधरनं द्यायचं आहे, मी दिलं तर बरं दिसणार नाही. बाकीच्यांची मी देतो."

माझा चष्मा सालांत पडला. महाराष्ट्र नावाचा एक अख्खा मुलूख आहे, तिथं भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे मराठी बोलतात, आणि हा पोरगा तिथं बारा वर्षं राहिलाय, हे आम्हा दोघांच्या डोक्यात तीन दिवसांत एकदाही आलं नाही. आपल्याला मराठी म्हणजे आपल्याच घरातली वस्तू वाटते ना. त्याला ती पुण्याच्या घरमालकीणबाईंनी शिकवली, आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं. म्हणून तो तीन दिवस ऐकून घेत होता. मग त्यानं क्रमानं उत्तरं दिली. तेल मुरतं, खोबरेल चालेल. देव मानतात, त्याची आई दर रविवारी चर्चमध्ये गाते. सिंह त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, पिंजऱ्यात. पगार नाही, शिष्यवृत्ती आहे. आणि मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे, "चादर तेवढी बघून घ्या, काका." तेव्हा जमीन दुभंगेल तर बरं असं मला वाटलं. मी त्याची हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, माफी असू दे, पण आता माझी पाळी, मी विचारू का? त्याचं म्हणणं असं की घराघरातल्या लग्नाच्या टिपणात तुम्ही सगळे गव्हाळ, आणि गाडीतून बघितलं तर मैलोन् मैल तांदूळ. गहू आहे कुठं? अंबुजा इतकी हसली की तिला ठसका लागला. (मी पेपर खाली ठेवला. उभाही राहिलो.) दुसरं तो म्हणाला ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. तुम्ही मला जमीन विचारली, पगार विचारला, पण घरची आठवण येते का हे कोणी विचारलं नाही. अंबुजेनं ते ताबडतोब विचारलं, आणि दोघं बराच वेळ त्याच्या आईबद्दल बोलत बसली.

एवढ्यात गिरिधर आला. अंबुजेनं त्याला चप्पल काढायलाही वेळ दिला नाही, तोच प्रश्न तशाच्या तसा विचारला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "होय, अम्मा. सहा वर्षं झालीं. हेंच सांगायला आलों होतों. अप्पा मला वाक्य पुरं करूं देत नाहींत." आणि पुढं म्हणाला की पोंगलच्या तई महिन्यात माझी सत्तरीची भीमरथशांत आहे, तिला दोघे येतील, नाहीतर तो यापुढं कुठल्याच कार्याला एकटा येणार नाही.

मी उठून कावेरीवर गेलो. राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आला, आणि लाजही वाटली. शांतीला येणारी सत्तर-ऐंशी माणसं एकेक करून डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि तू सर्वांत पुढं. पण काठावर बसल्यावर सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ज्या पोराला मी या हातांनी सायकल शिकवली, त्याला मला एवढी एक गोष्ट सांगायची सहा वर्षं भीती वाटत होती. घरी परतलो आणि फक्त पानं वाढ म्हणालो. बुधवारी त्यांना स्टेशनवर सोडलं, तेव्हाही हो नाही, नको नाही. नको ते प्रश्न विचारायला तीन दिवस जीभ चालली, आणि उत्तर द्यायच्या वेळी टाळूला चिकटली. गाडी सुटल्यावर गिरिधर खिडकीतून बघत होता आणि मी फलाटावरचं घड्याळ बघत होतो.

असो. पत्र लांबलं. तुझ्या नातीला, लक्ष्मीप्रियेला, आशीर्वाद सांग, आणि हे पत्र तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेऊ नकोस, भिंग लावून स्वतः वाच. औषधं वेळेवर घे. अंबुजेचा नमस्कार.

तुझाच,
हयग्रीव

ता. क. तिरुविसनल्लूरच्या जानकीरामांच्या शरण्येच्या स्थळाबद्दल तू लिहिलं होतंस. मुलगी सोन्यासारखी आहे, म्हणूनच तिच्या घरून गिरिधरची पत्रिका आजच्या आज परत मागव. बाकी ज्या दहा घरांत पाठवली आहेस तिथूनही. कारण विचारलं तर सांग की ग्रह जुळले, पण पुण्यात.

ता. क. २. खरं काम आता लिहितो. शांतीला तू आठ दिवस आधी ये, आणि माणसं जमतील तेव्हा त्या मुलाला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसव. बाकी काही करायला नको. तुझ्या शेजारी बसलेल्या माणसाबद्दल बोलायची आपल्या कुळात कोणाची छाती नाही, तमिळमध्ये नाही आणि मराठीत तर नाहीच.

ता. क. ३. काल रात्री राहवलं नाही, गिरिधरला फोन केला. मला सांगायचं होतं की दोघे या. पण मी सांगितलं काय, तर अक्काला सगळं कळवलंय, आणि अक्का म्हणाली, दोघांना येऊ दे. तो रडला, आणि म्हणाला, "आत्या असं म्हणाली?" मी हो म्हणालो. त्याचा नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. उद्या-परवा हे पत्र तुला मिळेल. मिळाल्याबरोबर त्याला फोन लाव आणि ते एकदा म्हण.