उभ्याने विकलेले मोजे

लिमोज, २८ जून १९७६

ती. कोरांतीनमावशीस,
पोलेतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडे समुद्राचा वारा तरी आहे, इथे दहा दिवसांत झाडाचं पान हललेलं नाही. माझी तब्येत बरी आहे, फक्त डोक्यापासून गुडघ्यापर्यंतच. दुपारी तीनला पोटऱ्या पिठाच्या पोत्यासारख्या जड होतात, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो, आणि घरी आल्यावर बुटातून पाय ओढून काढावे लागतात.

गंमत बघ, बावीस वर्षं मी विकते काय, तर थकलेल्या पायांसाठी घट्ट मोजे. दुकानात गिऱ्हाइकांना मखमली खुर्च्या आहेत, मला साधं स्टूल नाही. दुकानातल्या बाईला खुर्ची द्यायचा कायदा माझ्या जन्माआधीचा आहे, असं मी मालकीणबाईंना, मादाम व्हिदालना, सुनावलं. त्या म्हणाल्या, कायद्याची खुर्ची माळ्यावर ठेवली आहे, हवी तेव्हा जाऊन बघून यावी. वर असंही म्हणाल्या की मोजे विकणारीच पाय दुखतात म्हणून बसली तर मोजे घेईल कोण? पेन्शनला अजून आठ वर्षं आहेत, म्हणून मी गप्प बसले. चुकले, गप्प उभी राहिले.

यान सांगत होता, डॉक्टरांनी तुला एकटीने समुद्रात उतरायला बंदी केली आहे. मुलाचं नाही तर निदान त्यांचं ऐकतेस ना?

माया आहेच, ती या उन्हात आटू देऊ नकोस.
तुझी,
पोलेत


कोंकार्नो, १ जुलै १९७६

चि. पोलेत हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

मी सगळ्यांचं ऐकते. डॉक्टरांचं ऐकून घेतलं, यानचं ऐकून घेतलं, आणि सकाळी स्कर्ट खोचून मांडीभर पाण्यात शिरले. अर्धा तास किनाऱ्याच्या कडेने चालते. बाहेर येते तेव्हा पाय विशीतले असतात, बाकीची मी सत्तरीची.

तुला समुद्र नाही, नळ तर आहे. गार पाणी घोट्यापासून वर मांडीपर्यंत सोडत जा, कढत पाण्याला शिवू नकोस. पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा सरकव. लाल द्राक्षवेलीच्या पानांचा काढा गार करून घे. पानांचा म्हटलंय, द्राक्षांचा नव्हे, तुझी खोड मला ठाऊक आहे. उभं राहावंच लागलं तर एका जागी खिळू नकोस, टाचा वरखाली करत राहा.

पण नोकरी जप. सार्डिन माशांच्या कारखान्यात आम्ही बारा-बारा तास उभ्या राहिलो, खुर्ची मागितली नाही. मालकिणीशी वाकडं घेऊन पदरात काय पडणार?

मावशीला विसरू नकोस, एवढंच मागणं.
कोरांतीन


लिमोज, ५ जुलै १९७६

ती. मावशीस सा. न. वि. वि.

विटा लावल्या, काढा प्याले, गार पाण्याने सकाळपर्यंत आराम पडतो. पण सकाळ झाली की पुन्हा उभं राहायचंच.

शुक्रवारी भर दुपारी एक म्हातारी बाई आल्या. पाय टम्म सुजलेले. मोज्यांचं माप सकाळी, सूज चढायच्या आधी घ्यायचं असतं. तसं मी त्यांना सांगितलं, आणि आता घरी जाऊन पाय उंच करून पडा म्हटलं. मादामनी ते ऐकलं. गिऱ्हाईक परत पाठवतेस का, असं त्यांच्यादेखत मला झापलं आणि माप घ्यायला लावलं. मी टेप घेऊन खाली वाकले, आणि मावशी, मला उठताच येईना. काउंटर धरून कशीबशी उठले, आणि रिकाम्या मखमली खुर्चीत जाऊन बसले. बूट काढले, पाय खोक्यांच्या चळतीवर टाकले. त्या बाई हसल्या आणि त्यांनी आपले पाय माझ्या पायांशेजारी ठेवले.

शनिवारीही तीन वाजता बसले, आजही बसले. मादामनी मुदत दिली आहे. येत्या शनिवारी सकाळी सांगायचं, उभी राहणार की जाणार. मी म्हटलं, "मी बसूनच विचार करीन."

बोलले खरी, पण भीती वाटते. बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवणार? तू नोकरी जपायला सांगितलंस. खरं सांग, मी उठू का?

चिडली असलीस तरी प्रेम कमी करू नकोस.
तुझी,
पोलेत


कोंकार्नो, ७ जुलै १९७६

चि. पोलेत हिस अनेक आशीर्वाद.

उठू नकोस.

आम्ही खुर्ची मागितली नाही, असं मी लिहिलं. ते खोटं होतं. एकीने मागितली होती. चोवीस सालचा जुलै, असाच उकाडा. ती सात महिन्यांची पोटुशी होती, पाय सुजून बुटात मावत नव्हते. तिने खुर्चीही नव्हे, बसायला एक रिकामी पेटी मागितली. मुकादमीण म्हणाली, आणखी कोणाला पेटी हवी असेल तिने आत्ताच बोलावं. टेबलाशी आम्ही अकराजणी होतो. अकराजणींनी माना खाली घातल्या आणि मासे कापत राहिलो. तिला त्याच दुपारी काढून टाकलं.

ती तुझी आई. पोटात तू होतीस. तिला खेटून उभी होते ती मी, तिची सख्खी बहीण. तिने मरेपर्यंत मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मी कधी माफी मागितली नाही. मला त्याची लाज वाटते, पोलेत. बावन्न वर्षं वाटते आहे.

शुक्रवारच्या गाडीने निघते. यानला सांगितलेलं नाही, सांगितलं तर तो डॉक्टरांना घेऊन येईल. शनिवारी दुकान उघडेल तेव्हा मी दारात असेन. तू बस, मी तुझ्या शेजारी बसेन. तुझ्या मालकीणबाई काय बोलायचं ते बोलोत, या वेळी माझी मान खाली जाणार नाही.

हे वाचूनही लोभ राहिला, तर ठेव.
कोरांतीन