गप्प बसायची खूण

अहो, ऐकताय ना? नमस्कार. मी बरी आहे. गुडघा सोडला तर इथे कोणी कुरकुरत नाही.

नात नववीत इंग्रजी संगीताची लिपी शिकायला लागली आहे. पाच रेघांवर काळे ठिपके आणि मध्येच एक वाकडी अळी. मी म्हटलं, "शाई सांडली वाटतं!" ती म्हणाली, "आजी, ती गप्प बसायची खूण आहे. तिथे वाजवायचं नाही, पण मनात मोजत राहायचं. गाणं संपलेलं नसतं." पत्रही तीच लिहितेय, आणि हसतेय बघा.

घ्या! जन्मात अक्षर शिकले नाही, आणि पहिलं वाचलं ते तुमचं मौन.

दुपारी डोळा लागला की तुमच्या दुकानातली सगळी घड्याळं ऐकू येतात. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. मी तुमच्याशी भांडून इथे लेकीकडे आले त्याला तीन महिने झाले, तुमची एक ओळ नाही. वेळेवर जेवता ना? चष्मा हरवला तर आधी कपाळावर बघा.

एरवी मी अंगठा उमटवते. आज ती अळी माझ्या हाताने काढली आहे, जरा जाडच झाली. मी मोजतेय. आता तुमची पाळी.

तुमचीच,
भांडखोर