तळघरातली मंडळी, पान एक्केचाळीस

४ मार्च
पुन्हा तीच! दुरुस्तीच्या टेबलावर आज ‘तळघरातली मंडळी’ या मुलांच्या पुस्तकमालेच्या सात प्रती, सातही खिळखिळ्या. चाळीस वर्षं झाली या भुतांच्या घराला, तरी वाचनालयातल्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाची अशी गत होत नाही. बाप डोकं काखेत घेऊन हिंडतो. आई भिंतीतून ये-जा करते. मुलगी दिसतच नाही, नुसते बूट दिसतात. आणि सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम नुसतं उतू चाललेलं. भुतं झाली म्हणून काय झालं, घरात एकदा तरी आदळआपट नको?

५ मार्च
तिसऱ्या भागाच्या तिन्ही प्रती पान एक्केचाळीसवर आपोआप उघडतात. कोपरे काळे, कडा मऊ पडलेल्या. काय आहे एवढं तिथे? जेवणाचं टेबल. बाप विचारतो, “आज कुणाला घाबरवलंस?” आणि नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचं डोकं मुलीच्या ताटाशेजारी ठेवतो. ती सांगत राहते, सूप गार होतं. संपलं! एवढ्यावर घोडे झालेले लोक विरघळतात. परवा एक दाढीवाला पुस्तक परत करताना डोळे पुसत होता. मला त्याची कीव आली.

९ मार्च
आमचं टेबल — बाबा, मी आणि मध्ये वर्तमानपत्र. माझ्याआधी दुरुस्तीला बाबाच होते, तेहेतीस वर्षं. सुई, दोरा, पट्टी लावून पातं चालवणं, सगळं त्यांनीच शिकवलं. पण बोलणं शिवणीपलीकडे कधी गेलं नाही. “सैल आहे.” “आता घट्ट झाली.” बाकीचे निरोप आई पोचवायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. दिवस कसा गेला, असं बाबांनी मला आजवर एकदाही विचारलेलं नाही. कानाचं यंत्र आणून दिलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

खोटं लिहिलं. वाटतं.

१२ मार्च
ग्रंथपालबाई म्हणाल्या, “कपाटात जागा नाही. रद्दीत काय काढायचं, त्याची यादी तूच दे. सोमवारी सही करते.” पहिलं नाव डोळे झाकून लिहिलं. सगळे भाग, सगळ्या प्रती. सुटले एकदाची!

दुपारी बाबा आले. रोजचंच — वाचनकक्षात वर्तमानपत्र, मग माझ्या टेबलाशी उभं राहून शिवणींना नख लावून बघणं. यादीवर नजर गेली. “तिसरा भागपण?”

“हो. बावळटांसाठी आहे ते.”

त्यांनी तिसऱ्या भागाची एक प्रत उचलून शिवणीला नख लावलं. मी चहाला गेले.

१३ मार्च
तिसऱ्या भागाच्या एका प्रतीतलं पान एक्केचाळीस गायब! फाडलेलं नाही, कापलेलं आहे. पट्टी लावून, जोडीचं पान सुटू नये म्हणून शिवणीपाशी बोटभर कागद राखून. चोर, आणि वर काळजीवाहू! रद्दीत जाणाऱ्या पुस्तकाचे एवढे लाड कशाला? हे काम त्या दाढीवाल्याचंच. दारावरच्या शिपायाला फैलावर घेतलं — माणसं आत सोडताना डोळे कुठे असतात तुमचे? बिचारा गांगरून गेला.

१४ मार्च
यादीतलं पहिलं नाव खोडलं.

आज जेवायला बसलो तेव्हा वर्तमानपत्र नव्हतं. बाबांच्या कानात यंत्र होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला, घसा खाकरला आणि पाठ केल्यासारखं विचारलं, “आज कुणाला घाबरवलंस?”

आज कुणाला नाही, म्हटलं. काल शिपायाला. मग मी सांगतच बसले. जेवण पार गार झालं.