आई चिट्ठीत राहते

चेरीताल, जबलपूर
६ डिसेंबर १९६४

तीर्थस्वरूप सौ. सत्यभामावहिनींना मीराचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी पडली आहे. दादाला कारखान्यात सध्या दिवसपाळी आहे. शेजारच्या राधाबाईकाकूंचे गुडघे पुन्हा धरलेत, त्या दुपारभर अंगणात उन्हाला बसून असतात. अंजनीची सर्दी गेली.

तुमचं पत्र मिळालं. ‘लवकर बऱ्या व्हा असं आता लिहू नकोस. वॉर्डात प्रत्येकीच्या उशाशी तीच पत्रं आहेत. काहीतरी खरं लिही,’ असं तुम्ही लिहिलंत. वाचून लाज वाटली. सातवीच्या मुलींना ‘आजारी मैत्रिणीस पत्र’ मीच शिकवते. आधी चौकशी, मग धीर, शेवटी शुभेच्छा. तुम्हाला लिहायला बसले की हातातून तेच उतरतं. दुखणाइताशी कसं बोलावं हे मला येत नाही, वहिनी. म्हणून अंजनीबद्दलही मी गोडगोडच लिहीत आले. ती जेवते, ती गाणी म्हणते, ती तुमची आठवण काढते.

ती तुमची आठवण काढत नाही.

लिहून टाकलं. आता पुढचंही लिहिते.

गेल्या रविवारी तिला घेऊन गढ्याच्या बाजारात गेले होते. बांगडीवाल्या बाईनं सहज विचारलं, बिटिया किसकी है? अंजनीनं माझा पदर धरला आणि म्हणाली, “इनकी. ये मेरी आई है.” बाहेर आल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर तिला घेऊन बसले आणि समजावलं, मी आत्या आहे, तुझी आई नागपूरला दवाखान्यात आहे. तिनं नीट ऐकून घेतलं. मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली, “ती तर चिट्ठीवाली आई. ती चिट्ठीत राहते.”

तिचं तरी काय चुकलं? तुम्ही गेलात तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. तेव्हापासून आई म्हणजे दादा वाचून दाखवतो तो कागद.

घरी येऊन काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “राहू दे न बाई. लेकरू विसरून राहिलं तर काहून आठवण देता? पुढंमागं त्याला सोपं जाईल.” पुढंमागं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्या वाईट नाहीत. त्यांची स्वतःची बहीण याच क्षयाच्या दुखण्यानं गेली. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणखी एक आहे. ते लिहू की नको, म्हणून पत्र सकाळपासून पडून होतं. अंजनी मला आई म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, फार बरं वाटलं. माझं लग्न व्हायचं तेव्हा झालं नाही, आता होणार नाही, आणि त्याचं मला दुःख आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पायरीवर बसून तिला समजावत होते तेव्हा माझाच आवाज बारीक होत चालला होता. असं आणखी वर्षभर चाललं तर मी समजावायचीही नाही.

दादाला हे सगळं सांगितलं. त्यानं बुटांना पॉलिश करून संपवलं. मग म्हणाला, “घेऊन जाऊ तिला.” डॉक्टरांनी त्याला मागेच सांगितलंय की आता तुमच्यापासून धोका नाही, पोरीला आवारात उन्हात भेटवायला हरकत नाही. नको म्हणता ते तुम्हीच. मी इतकी वाळले, ती मला भिईल, असं म्हणता. भिईल, वहिनी. रडेलही. तरी नाताळच्या सुट्टीत आम्ही येतोय. हे विचारायला लिहिलेलं नाही, कळवायला लिहिलंय.

तुमची,
मीरा

*

चेरीताल, जबलपूर
४ जानेवारी १९६५

ती. सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. गाडीला गर्दी होती, पण इटारसीला जागा मिळाली.

त्या दिवशी आवारात मी तुम्हाला काही बोलले नाही, ते आता लिहिते. अंजनी माझ्यामागं लपली तेव्हा तुम्ही हाक माराल, हात पुढं कराल, असं मला वाटलं होतं. तुम्ही बाकावर बसून राहिलात. खूप वेळानं नुसतं म्हणालात, “तुझी रिबन सुटली गं.” ती तुमच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू पुढं गेली आणि तुमच्याकडे पाठ करून उभी राहिली, वेणी घालून घ्यायला. वेणी वाकडी झाली. मी नळावर पाणी प्यायच्या निमित्तानं निघून गेले, कारण मला तिथं काही काम उरलं नव्हतं.

अंजनीला तुमच्या आईकडे नागपुरातच ठेवायचं हे मी सुचवलं, म्हणून दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचं बरोबर आहे, घर फार शांत झालंय. पण रोज दुपारी तासभर ती तुमच्याजवळ येईल. चिट्ठी वाचून कुणाला आई कळत नाही. निघताना ती माझ्याबरोबर यायला रडली, हे तुम्ही पाहिलंत. त्याचं मनाला लावून घेऊ नका. दोन दिवसांत थांबली असेल.

रात्री तिला पायांवर थोपटावं लागतं, डोक्यावर नाही. दूध कोमट. आजींना सांगा.

काल काकूंनी विचारलं, “पोरगी कुठं ठेवून आली?” मी म्हटलं, तिच्या आईजवळ. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी ठीक आहे. आजपासून शाळा सुरू झाली.

तुमच्या अंजनीची आत्या,
मीरा